रोहिणी निळी, नीला लाल : वैद्यकीय चित्रांच्या प्रकल्पाच्या नोंदी

८ जुलै २०२४

उपयोजित कलेच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून वैद्यकीय चित्रण हा विषय आज मंजूर झाला. कामे दोन ठरली आहेत: परिचर्या शिकणाऱ्या विद्यार्थिनींसाठी हृदयाचा मराठी नावांचा मोठा तक्ता आणि अंबड तालुक्यातील आमच्या गावाकडच्या उपकेंद्रासाठी सर्पदंशाच्या प्रथमोपचाराचा तक्ता. दुसरा विषय मी स्वतः मागून घेतला, कारण पावसाळ्यात खुरपणीला जाणारी बाई आणि ओसरीवर जमिनीवरच अंथरूण टाकणारा गडी यांच्या मनात सापाची भीती कायमची असते आणि उपकेंद्राच्या भिंतीवर आज जो कागद चिकटवला आहे, त्यावर एकही चित्र नसून बारीक टायपातल्या अठरा ओळी आहेत. सरांनी एकच अट घातली. इंटरनेटवरचे चित्र पुढ्यात घेऊन गिरवलेली रेषा त्यांना चालणार नाही. जे पाहिले असेल तेच काढायचे.

१९ जुलै

शरीररचनाशास्त्र विभागाची लेखी परवानगी मिळाल्यावर आज प्रथमच विच्छेदनगृहात गेले. मोबाइल बाहेर ठेवावा लागतो आणि छायाचित्र काढण्यास सक्त मनाई आहे, त्यामुळे वही, दोन पेन्सिली आणि खोडरबर एवढेच आत गेले. फॉर्मेलिनने पहिली दहा मिनिटे डोळ्यांतून पाणी येत होते आणि कागदावरची रेषा दुहेरी दिसत होती. हे सारे देहदानातून आलेले आहे, हे दारातच सांगितले जाते. त्यानंतर कोणी मोठ्याने बोलत नाही.

तिथल्या विभागातल्या मॅडमनी ट्रेमध्ये काढून ठेवलेले हृदय पाहून माझ्या डोक्यातला शाळेचा तक्ता तिथेच फाटला. त्यात ना लाल होते ना निळे. द्रावणात राहून सगळे मांस भिजवून वाळवलेल्या चामड्याच्या रंगाचे झाले होते आणि वरच्या बाजूला चरबीचे फिकट पिवळे पट्टे होते. प्रौढ माणसाच्या हृदयाचे वजन २५० ते ३०० ग्रॅमच्या आसपास असते, हे वाचलेले होते, पण हातात घेतल्यावर ते भाकरीसाठी मळलेल्या पिठाच्या गोळ्याएवढे वाटले. त्याहून मोठी गोष्ट अशी, की आपण ज्याला उजवा निलय, म्हणजे हृदयाचा खालचा उजवा कप्पा, म्हणतो, तो शरीरात खरे तर पुढे असतो. समोरून पाहिले तर हृदयाचा बहुतेक दर्शनी भाग त्याचाच असतो आणि डाव्या निलयाची एक अरुंद कडाच दिसते. शाळेच्या तक्त्यात मधोमध उभी भिंत आणि दोन्हीकडे सारख्या खोल्या असतात, जणू एखादे जुळे घरच. ते चित्र चुकीचे आहे असे म्हणण्यापेक्षा ते एका वेगळ्या प्रश्नाचे उत्तर आहे, असे म्हणावे लागेल: रक्त कसे फिरते, हे ते सांगते, हृदय कसे असते, हे सांगत नाही. माझ्या तक्त्याला दोन्ही सांगायचे आहे, म्हणजे निदान दोन आकृत्या लागतील.

अडीच तासांत तीन रेखाटने झाली. त्यांतले एकच ठेवण्यासारखे आहे.

२ ऑगस्ट

छेद दिलेल्या हृदयाचे रेखाटन पूर्ण झाले. डाव्या निलयाची भिंत उजव्याच्या सुमारे तिप्पट जाड असते आणि ही जाडी मी डोळ्यांच्या अंदाजाने न काढता पट्टीने मोजून काढली, कारण उजव्या बाजूला फुप्फुसापर्यंतच रक्त ढकलायचे असते आणि डावीला साऱ्या अंगभर, हे विद्यार्थिनीला एक अक्षर न वाचता या जाडीतूनच कळले पाहिजे. प्रकाश नेहमीच्या संकेताप्रमाणे वरच्या डाव्या कोपऱ्यातून घेतला आहे. छटा पेन्सिलीने न घासता ०.१ च्या पेनाने ठिपके देऊन केली. ठिपका झेरॉक्समध्येही टिकतो, घासलेली छटा काळी होऊन बसते, आणि आमच्याकडे कुठलाही तक्ता शेवटी झेरॉक्सच्या दुकानातून फिरणारच.

आजचा खरा अडथळा नावांचा होता. मराठी पाठ्यपुस्तकांत अशुद्ध रक्त हृदयाकडे आणणारी ती नीला आणि हृदयाकडून शुद्ध रक्त नेणारी ती रोहिणी, असे मुलांच्या मनात पक्के बसलेले असते. शब्दांनी त्याला आणखी खतपाणी घातले आहे. नीला म्हटले की निळा रंग डोळ्यांपुढे येतो, आणि रोहिणी तर मुळातच तांबडी. आकाशातली रोहिणीची तारकाही तांबूस दिसते. रक्तवाहिन्या रंगवण्याचा जगभरचा लाल-निळा संकेत आणि आपले मराठी शब्द असे एकमेकांना इतके चपखल बसतात, की सगळा घोटाळा फुप्फुसाच्या दारात येऊन उभा राहतो. फुप्फुस रोहिणी ऑक्सिजन कमी असलेले रक्त नेते, म्हणून ती निळी रंगवावी लागते. फुप्फुस नीला ऑक्सिजनयुक्त रक्त परत आणते, म्हणून ती लाल. म्हणजे तक्त्यावर लाल वाहिनीवर ‘नीला’ आणि निळ्या वाहिनीवर ‘रोहिणी’ लिहायचे. पहिल्या कच्च्या प्रतीवर तीन मैत्रिणींनी मला ‘चूक झाली बघ’ म्हणून सांगितले, आणि त्यांतली एक बारावीपर्यंत जीवशास्त्र शिकलेली आहे.

रंग बदलता येत नाही आणि नावेही बदलता येत नाहीत. तेव्हा व्याख्या चित्रात आणायचे ठरवले: हृदयापासून दूर जाणाऱ्या प्रत्येक वाहिनीच्या तोंडाशी बाहेर जाणारा बाण आणि हृदयाकडे येणाऱ्या प्रत्येकीशी आत येणारा बाण, दोन्ही पांढरे, म्हणजे रंगाशी त्यांचा काही संबंध राहणार नाही. रोहिणी ती, जी हृदयापासून निघते. नीला ती, जी हृदयाकडे येते. रक्ताचा रंग ही वेगळी बाब आहे.

हृदयाच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांना अलिंद आणि निलय लिहावे की जुन्या पुस्तकांतले कर्णिका आणि जवनिका, यावर फार वेळ घालवला नाही. विद्यार्थिनी शाळेतून जे शब्द घेऊन येतात, तेच ठेवले.

२२ ऑगस्ट

अक्षरांचा आठवडा. सरांनी ग्रंथालयातून ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ या ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीतील पानांच्या प्रती आणून दाखवल्या. हा ग्रंथ १८५८ साली निघाला आणि त्यातल्या ३६३ आकृत्या हेन्री व्हॅनडाइक कार्टर या डॉक्टरने काढल्या. ग्रेचे नाव साऱ्यांना ठाऊक असते, कार्टरचे फारसे नाही. मला मात्र यातला मुंबईचा भाग विशेष वाटला: पुस्तक निघाले त्याच वर्षी कार्टर मुंबईस आला आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचनाशास्त्र शिकवू लागला. त्याच शहरात त्याआधी एका वर्षाने जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झाले होते. एका जे. जे.मध्ये चित्रकला आणि दुसऱ्या जे. जे.च्या, म्हणजे रुग्णालयाच्या, शेजारी शरीररचना, आणि मध्ये काही किलोमीटर.

कार्टरने आकृतीतील भागांना क, ख, ग अशा खुणा देऊन खाली यादी लावण्याऐवजी भागाचे नाव त्या भागावरच, त्याच्या वळणाबरोबर लिहिले. वाचणाऱ्याची नजर वर-खाली धावत नाही. मीही तसे करून पाहिले आणि देवनागरीने मला हिसका दाखवला. रोमन अक्षरे सुटी असतात, म्हणून ती वळणावर एकेक करून तिरपी होतात आणि बिघडत नाहीत. देवनागरीला शिरोरेषा आहे. ‘महारोहिणी’ हा शब्द महारोहिणीच्या कमानीवर बसवला, तर प्रत्येक अक्षराशी शिरोरेषा मोडते आणि वाळलेल्या काटकीसारखी जागोजागी तुटलेली दिसते; ‘रो’ची मात्रा तर शेजारच्या अक्षरावर जाऊन पडते. हाताने वक्र शिरोरेषा काढून तो एक शब्द साधला, पण चोवीस नावांसाठी हे शक्य नव्हते. शेवटी सर्व नावे बाहेर, आडवी, आणि निर्देशक रेषेने जोडलेली.

मग दुसरी खोच निघाली. निर्देशक रेषा नावाच्या वरच्या कडेला येऊन टेकली, की ती शिरोरेषेचाच लांबलेला भाग वाटते. आठ फूट अंतरावरून ‘निलय’ हा शब्द हृदयातून बाहेर ओढून काढल्यासारखा दिसत होता. आता प्रत्येक रेषा अक्षराच्या निम्म्या उंचीवर थांबते, तिच्या आणि अक्षराच्या मध्ये चार मिलिमीटर जागा आहे आणि रेषेची जाडी शिरोरेषेच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी आहे. या तीन आकड्यांवर माझे तीन दिवस गेले, त्याचे मला वाईट वाटत नाही.

आज्ञावलीत मजकुराची भाषा मराठी निवडायची राहिली होती, त्यामुळे ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येत होते. भाषा बदलताच देठाचा ल आणि शेंडीफोड्या श आला. अशा गोष्टी कुणाच्या लक्षात येत नाहीत असे म्हणतात. आमच्या आजीच्या येतात.

११ सप्टेंबर

हृदयाचा तक्ता जवळजवळ संपला. आता साप.

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार विषारी सापांची प्रत्येकी एक पूर्ण आकृती आणि डोक्याचा मोठा तपशील, अशी आठ चित्रे करायची आहेत. प्राणिशास्त्र विभागातले बरण्यांमधले नमुने पाहिले, पण द्रावणाने त्यांचे रंग खाल्ले आहेत. रंगांसाठी एका सर्पमित्राने स्वतः काढलेली छायाचित्रे वापरायला दिली. सरांची अट मोडली, हे येथे नोंदवून ठेवते.

मण्यारीवर सर्वांत जास्त वेळ गेला आणि तो जायलाच हवा होता. चमकदार काळसर अंगावर पांढरे बारीक पट्टे, बहुधा जोडीजोडीने. ते शेपटीकडे ठळक असतात आणि डोक्याकडे पुसट होत जातात. बिनविषारी कवड्या सापाचे बरोबर उलटे: त्याचे पट्टे मानेकडे ठळक आणि शेपटीकडे विरत गेलेले. मण्यारीच्या पाठीच्या मधल्या रांगेतले खवले शेजारच्या खवल्यांपेक्षा मोठे आणि षट्कोनी असतात. हे खवले मी एकेक करून काढले. पाठीवरून एक ओळ कमी-जास्त झाली, तर साप दुसराच होतो. घोणशीच्या पाठीवरच्या साखळीसारख्या तपकिरी ठिपक्यांच्या तीन ओळी आणि फुरशाच्या डोक्यावरची बाणासारखी खूण त्या मानाने सोपी गेली.

१७ सप्टेंबर

मुक्तिसंग्राम दिनाची सुट्टी. दिवसभर घोणस.

६ ऑक्टोबर

आठही चित्रे घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या वैद्यकीय अधिकारी मॅडमना भेटले. त्यांनी एकेक चित्र खिडकीच्या उजेडात धरून पाहिले, मण्यारीचे दोनदा पाहिले आणि म्हणाल्या, “चित्रं फार सुंदर आहेत, म्हणूनच मला भीती वाटते. हा तक्ता लागला, की लोक गाडी बघायच्या आधी साप बघतील.”

त्यांचे म्हणणे असे. आपल्याकडे दिली जाणारी प्रतिविषाची लस या चारही सापांच्या विषावर एकत्र चालते. घोड्यांच्या शरीरात तयार झालेली प्रतिपिंडे वापरून ती बनवतात. त्यामुळे कुठला साप चावला हे घरच्यांनी ठरवण्याची गरज नसते. डॉक्टर लक्षणांवरून ठरवतात. साप शोधायला, मारायला आणि पिशवीत घालून आणायला गेलेला वेळ रुग्णाचा जातो, शिवाय मारणाऱ्यालाही चावा बसतो. चित्राशी जुळला नाही, तर लोक ‘हा त्या चारांतला नाही’ म्हणून घरी बसतात. आणि मण्यार तर बहुधा रात्री, निजलेल्या माणसाला चावते; दुखत नाही, खूण दिसेलच असे नाही, आणि पहाटे पोटात दुखून पापण्या जड होऊ लागतात. तिथे साप पाहायचा कोणी?

मी बाहेर येऊन केंद्राच्या पायरीवर बसले. सुमारे चार आठवड्यांचे काम होते. रडू आले नाही, पण राग आला, आणि तो मॅडमवर नव्हता: चित्र कशासाठी आहे हे विचारायच्या आधी मी खवले मोजायला बसले होते. सापांची आठही पाने तक्त्यातून काढली. तक्त्यावर आता एकही साप नाही.

२० ऑक्टोबर

गावी पहिली चाचणी. ओसरीत आजी, दोन काकू, शेजारच्या तीन बायका आणि आशाताई, म्हणजे गावच्या आशा स्वयंसेविका. सोयाबीनची काढणी चालू असल्यामुळे साऱ्या जणी संध्याकाळी उशिरा आल्या. मी काही न सांगता तक्ता भिंतीला टेकवला आणि विचारले, की यात काय दिसते.

पहिल्या चौकटीत दंश झालेला पाय होता. वैद्यकीय आकृतीत जसा असतो तसा, गुडघ्याच्या वर कापलेला, म्हणजे चित्राची कड तिथे संपलेली. आजीने चष्मा नाकावर सरकवून बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, “आगं माय, ह्याचा पाय तोडला का काय डॉक्टरनं?” काकूही म्हणाल्या, की दवाखान्यात गेले की पाय जातो, असे सांगणारा कागद दिसतो. म्हणजे माझा तक्ता दवाखान्यात जाऊ नका, असे सांगत होता.

दुसरी गोष्ट लाल फुलीची. दोरी आवळून बांधणे, ब्लेडने चिरणे आणि तोंडाने विष ओढणे या तिन्ही चित्रांवर मी लाल फुली मारली होती. त्यावर एक जण म्हणाली, “लाल फुली म्हणजे दवाखान्याचीच की. दवाखान्यात असं करतात.” बाकीच्यांनी मान डोलावली.

तिसरी गोष्ट आशाताईंनी सांगितली. चित्रात पुरुषाचा पाय होता. त्या म्हणाल्या, “ताई, गवतात वाकून बसणारी बाई असते. अन् बाईच्या पायात जोडवी असतात. सूज चढली का ती बोटात रुततात. पण नवरा जिवंत असताना जोडवी काढा म्हणलं, तर कोणती बाई काढील?” सूज येण्याआधी अंगठ्या, पैंजण, बांगड्या, जोडवी काढावीत, ही सूचना मजकुरात होती, चित्रात नव्हती. मी ती वाचली होती आणि पाहिली नव्हती.

३ नोव्हेंबर

भाऊबीजेला घरी असतानाच नवीन मांडणी केली. आता पूर्ण बाई दिसते, खाटेवर आडवी, फिकट रेषेत; चावलेला पाय तेवढा पूर्ण रंगात. पायाशी सासू बसली आहे आणि ती स्वतःच्या हाताने सुनेची जोडवी काढते आहे. सासूनेच काढली म्हणजे अपशकुनाचा प्रश्न उरत नाही, ही कल्पना आशाताईंची. सासूच्या हातासाठी आजीचा हात समोर घेतला. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीची बोटे मी दुसऱ्या वर्षी आठ दिवस बसून उतरवली होती. ती पेरांशिवाय, वेलीसारखी वाहत जातात, आणि तेव्हापासून माझ्या हाताला तसेच वळण लागले आहे. आजीच्या बोटांची पेरे फुगलेली आहेत आणि करंगळी वाकडी आहे. ती तशीच काढली.

फुल्या रद्द केल्या. ‘बांधू नका’ हे दाखवायला मी दोरी सोडणारा हात काढला होता, तो मॅडमनी फोनवरच थांबवला: कोणी आधीच करकचून बांधले असेल, तर ते घरी एकदम सोडणेही धोक्याचे असते, ते दवाखान्यात, उपचाराची तयारी झाल्यावर सोडतात. म्हणून त्या जागी करायची गोष्टच काढली: पायाला बाजूने काठी लावून रुंद उपरण्याने सैल बांधलेले, आणि उपरण्याखाली एक बोट सहज जाते आहे. पाय हलू द्यायचा नाही, बाईला चालवायचे नाही, उचलून न्यायचे, आणि १०८.

१६ नोव्हेंबर

छपाईचा नमुना हवा होता, पण मतदान चार दिवसांवर आल्यामुळे जालन्याच्या ज्या दोन फ्लेक्सवाल्यांकडे गेले, त्यांची यंत्रे रात्रंदिवस उमेदवारांचे चेहरे छापत होती. एकाने मध्येच माझा हृदयाचा तक्ता घुसवून छापून दिला. फुप्फुस रोहिणी जांभळी आली. चूक माझीच: पडद्यावरचा निळा छापताना त्यात किरमिजी आणि आकाशी शाई जवळजवळ सारखी पडत होती. किरमिजी बरीच खाली आणल्यावर निळा निळा झाला. चेहरे मात्र सगळे गोरे छापले होते.

१२ डिसेंबर

मॅडमनी एक छोटे जोडकाम दिले: आरोग्य केंद्रातल्या कर्मचाऱ्यांसाठी वीस मिनिटांच्या रक्त गोठण चाचणीची चार चौकटींची पट्टी. स्वच्छ, कोरड्या, नव्या काचेच्या नळीत २ मिलिलिटर रक्त घ्यायचे, वीस मिनिटे न हलवता उभे ठेवायचे आणि मग एकदाच तिरपे करायचे. रक्त गोठले नाही, तर विषाचा रक्तावर परिणाम झाला आहे, असे धरतात. माझी पहिली नळी त्यांनी नापास केली, कारण ती प्लास्टिकची वाटत होती. प्लास्टिकच्या नळीत रक्त काचेसारखे गोठत नाही आणि साबणाने धुतलेल्या नळीचा निकालही फसवा येतो. काच काच दिसावी म्हणून नळीच्या डाव्या कडेला एक बारीक पांढरी रेषा आणि तळाच्या गोलाईत प्रकाशाचा अर्धचंद्र दिला. ही पट्टी दोन दिवसांत झाली आणि मला वाटते, वर्षभरातले हेच सर्वांत नेटके काम आहे.

९ जानेवारी २०२५

दुसरी चाचणी. त्याच बायका, शिवाय आजीची बहीण. पाय तोडला असे कोणी म्हणाले नाही. काठी आणि उपरणे सगळ्यांनी ओळखले. सासूचे चित्र पाहून हसू पिकले, कारण करंगळीवरून आजीला ओळखले गेले.

४ फेब्रुवारी

तक्ता उपकेंद्रात लागून दहा दिवस झाले. आज पाहायला गेले. खालची उजवी कड कॅलेंडरने झाकली होती; ते सरकवले. चारही बाजूंना मी दीड इंच पांढरी जागा सोडली होती, चित्राला श्वास घेता यावा म्हणून. १०८ च्या शेजारच्या त्या पांढऱ्या जागेत आशाताईंनी बॉलपेनने गावातल्या जीपवाल्याचा नंबर लिहिला आहे आणि खाली आणखी एक, ‘तो नसल्यास’. पुढच्या छपाईत तिथे दोन कोऱ्या ओळी आखून ठेवायच्या.